खार नसलेली वाटी

माझ्या सासूबाई गोष्ट सांगायच्या ती फक्त बर्फाच्या दिवसांत, आगटीपाशी बसून, आणि दिवस मावळल्यावर. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली तर माळ्यावरचे उंदीर सांगणाऱ्याच्या डोक्यावर मुततात, असं आमच्या डोंगराकडे म्हणतात. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हूं' म्हणायचं. हूं थांबला की सांगणाऱ्यानं निखाऱ्यांवर राख ओढायची आणि उठायचं, गोष्ट कुठंही असो. झोपलेल्याला गोष्ट सांगू नये. ती मग भलतंच कुणीतरी ऐकतं.

माझ्या चिसाचा हूं कधी थांबला नाही. सहा वर्षांची पोर, आजीच्या मांडीला गुडघे टेकवून बसायची आणि आम्ही सगळे पेंगायला लागलो तरी तिचा हूं आपला चालूच, उकळत्या किटलीच्या झाकणासारखा. शेवटी सासूबाईच म्हणायच्या, "बये, तुझा हूं आटेल तेव्हा माझा घसा सुटेल!"

तिची आवडती गोष्ट एकच.

"एक होती आई, एक होती लेक."

"हूं."

"आई गेली बर्फात लाकडं आणायला. परत आली नाही."

"हूं."

"लेक निघाली शोधायला. डोंगराच्या पोटात तिला एक घर लागलं. घरात ऊब होती, पण धूर नव्हता. माणसं होती, सगळी पांढऱ्या कपड्यांतली. कुणी रागावत नव्हतं, कुणी मारत नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे वाफाळती वाटी ठेवली."

"हूं."

"तेवढ्यात वळचणीची चिमणी काय म्हणाली?"

मग दोघी मिळून म्हणायच्या. सासूबाई खालच्या सुरात, चिसा किरट्या आवाजात:

पांढऱ्या गं हातांनी वाढिला पांढरा भात
खार नाही ज्याला, बाळे, तो नको घेऊ आत
जिभेच्या टोकाला लाव, सांग मला चव
खारट ते आपलं गाव, अळणी ते परगाव

लेकीनं जिभेला लावून बघितलं. वाटीत खार नव्हता, वाटीशेजारीही नव्हता. तिनं वाटी खाली ठेवली. तीन दिवस ती उपाशी राहिली. चौथ्या दिवशी डोंगरानं दार उघडलं आणि तिला बर्फावर आणून सोडलं. आई मात्र आली नाही. आईनं पहिल्याच दिवशी दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

"आईला चिमणीनं का नाही सांगितलं?" चिसा दर खेपेला विचारायची.

"सांगितलं गं. पण मोठी माणसं चिमण्यांचं ऐकतात होय?"

"माझी आई ऐकेल."

"तुझी आई? ती माझं ऐकत नाही, चिमणीचं काय ऐकणार!" असं म्हणून सासूबाई माझ्याकडे बघायच्या, आणि मी मुळ्याचं लोणचं चिरता चिरता हसायची.

युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती. भातकापणी उरकली की आमच्या गावचे बाप्ये तोक्योला जायचे, जमिनीखालच्या रेल्वेचं भुयार खणायला. माझा नवरा केइझोही गेला होता. त्यानंतर पंधरवड्यात चिसाचा घसा धरला. घसा बरा झाला, पण सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या दिसायच्या. लघवी शिळ्या चहाच्या रंगाची. पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी मी तिला पाठुंगळी बांधली आणि बसनं खालच्या गावातल्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर तरुण होते. तिच्या नडगीवर बोट दाबलं, खळगा पडला, तो भरेना. "मूत्रपिंडं," ते म्हणाले. "इथंच ठेवावं लागेल. आणि एक लक्षात ठेवा. मीठ नाही. मिसो नाही, सोया नाही, लोणचं नाही. मीठ तिला विष आहे."

मी मान हलवली. रोग्याजवळ घरचं माणूस राहायचीच पद्धत होती. चिसाच्या खाटेखाली मी माझी चटई सारली. खोली स्वच्छ होती. भिंतीलगत वाफेचा नळ होता, त्यानं खोली उबदार राहायची. आगटी नव्हती. धूरही नव्हता. नर्सबाई पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत यायच्या, हळू बोलायच्या, हळू चालायच्या. हे सगळं मला फार बरं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, चांगल्या जागी आलो.

दुपारी वाटी आली. पातळ भाताची पेज, शेजारी उकडलेला पांढरा मुळा. आमच्याकडे भातात मीठ घालत नाहीत, पण शेजारी काहीतरी खारट असतंच. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं सार, लोणचं, निदान खारवलेलं उमे. एवढं लालचुटूक आंबट फळ, की एकावर अख्खी वाटी जाते. इथं काहीच नव्हतं. चिसानं चमचा जिभेच्या टोकाला लावला. माझ्याकडे बघितलं. मग खोलीकडे, नळाकडे, दारातल्या नर्सबाईकडे. आणि चमचा खाली ठेवला.

"खा ना राणी."

"भूक नाही."

संध्याकाळीही भूक नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रागावले, लाडीगोडी लावली, बाबा येताना तांबडा फुगा आणतील म्हटलं. ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करायची.

शेजारच्या खाटेवर यासु नावाची म्हातारी होती. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, जीभ मात्र चुरूचुरू चालायची.

"दे इकडे ती वाटी," ती म्हणाली. "अन्न वाया घालवू नये. माझे दात उशाखाली आहेत, मला कसली चव आणि कसलं काय!"

चिसा उठून बसली. "आजी, नको खाऊस."

"का गं चिमणे? विष घातलंय?"

"खाल्लं की परत जाता येत नाही."

"परत कुठं? सुनेकडे?" यासु आजी इतकी हसली की खोकलाच लागला. "अगं मग तर आणखी एक वाटी आण! दोन खाते!"

आणि खाल्ल्याही तिनं दोन वाट्या. चिसा तिच्याकडे बघत राहिली. बर्फावरून घसरणाऱ्या माणसाकडे लांबून बघावं तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी यासु आजीची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली, चादर बदललेली. उशाखालचे दात तेवढे बशीत ठेवले होते, न्यायला कुणी आलं नव्हतं.

"दोन वाट्या खाल्ल्या तिनं," चिसा हळूच म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. ऊब आहे, धूर नाही. पांढरी माणसं. कुणी रागावत नाही, कुणी मारत नाही. आणि वाटीत खार नाही.

"चिसा, अगं ती गोष्ट आहे."

"हो."

"हा दवाखाना आहे. डॉक्टर तुला बरं करतायत."

"आई, तू किती खाल्लंस?" तिनं माझा हात धरला. तिची बोटं फुगून गुळगुळीत झाली होती. "तू नको ना खाऊस. आणखी एकच दिवस. मग डोंगर आपल्याला सोडेल. दोघींना."

गोष्ट खोटी असते, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण लहानपणापासून मी स्वतः त्या गोष्टीला हूं म्हणत आले होते. खोटी म्हणावी तर माझा भाऊ युद्धावरून आला नाही तो कुठं आहे? माझी गेलेली आई कुठं आहे? मी तो शब्द गिळला आणि दुसरीच युक्ती काढली.

"मी तुला गोष्ट सांगते. खरी काय होती ती."

"दिवसा? उंदीर मुततील."

"इथं माळाच नाही. एक होती आई, एक होती लेक."

"हूं."

मी सांगत गेले. डोंगर, घर, वाटी. आणि मग म्हटलं, चिमणी म्हणाली, खा बाळे, पोटभर खा, खाल्लंस तर पायात बळ येईल, बळ आलं तर घरी जाशील.

हूं आला नाही.

"असं नाहीये ते," चिसा म्हणाली. "आजी असं सांगत नाही." आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मीही त्या पांढऱ्या माणसांतलीच झाले.

डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनवर किती दिवस काढणार? पोटात काही गेलं नाही तर औषध तरी कशावर चालणार? आई आहात ना तुम्ही? भरवा."

मी बसच्या कंडक्टरबरोबर सासूबाईंना निरोप धाडला. चौथ्या दिवशी त्या आल्या. डोक्यावरच्या गवती टोपीवर बोटभर बर्फ. चिसानं त्यांना बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"डोंगरानं दारच उघडलं नाही," ती म्हणाली. "आणि आजी, आता तूपण इथं अडकलीस."

मी सासूबाईंना बाहेर नेलं.

"तुम्ही सांगा तिला, आई. खोटी आहे म्हणावं गोष्ट. तुमचंच ऐकेल ती."

"मी सांगू?" त्या टोपीवरचं बर्फ झटकत राहिल्या. "साठ वर्षं सांगत आले, ती आज खोटी म्हणू?"

"लेकरू उपाशी मरतंय."

"माझ्या तीन मेल्या, मित्सुए." आवाज चढला नाही त्यांचा. "केइझोच्या आधीच्या. एक गोवरानं, दोन एकाच हिवाळ्यात. तिसरीला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी उठून मी चुलीवर भात लावला. कसा लावला? माझ्या आईनं मला सांगितलं होतं, तिथं घर आहे, ऊब आहे, तिथं कुणी पोरांना मारत नाही. तेवढ्यावर लावला. ते आज माझ्याच तोंडानं मोडायचं? आणि मोडून तुझ्या हातात काय देऊ? ही काठी?"

"मग तिनं कशावर जगायचं?"

त्यांनी कमरेच्या फडक्यातून एक छोटी बरणी काढून माझ्या हातात ठेवली. आमच्याच झाडाची उमे. मीच उन्हाळ्यात खारवलेली.

"डॉक्टर म्हणतात विष आहे."

"मला दवाखान्यातलं काही कळत नाही. मला पोर कळते." आणि दोनच्या बसनं त्या गेल्या. घाट बंद होईल म्हणून थांबता येत नव्हतं.

एक दिवस मी ती बरणी खाटेखाली माझ्या कपड्यांत दडवून ठेवली. एक दिवस. त्या दिवशी चिसाचे ओठ फाटले आणि बोलताना तिला दम लागायला लागला. पाचव्या दिवशी दुपारी नर्सबाई वाटी ठेवून गेली, तेव्हा मी दाराकडे पाठ केली आणि पेजेवर एक उमे ठेवलं. पांढऱ्यावर तांबडा रंग हळूहळू पसरला.

चिसानं जिभेचं टोक लावलं. तिचे सुजलेले डोळे जितके उघडता येतील तितके उघडले.

"खारट!" ती म्हणाली. "आई, खारट आहे! आई, आपण अजून इकडेच आहोत!"

आणि ती जेवली. वाटी चाटूनपुसून जेवली. बी चघळत बसली. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. देवाशपथ, त्या दिवसाइतकी सुखी मी कधीच नव्हते. संध्याकाळी दुसरं उमे. दुसऱ्या दिवशी तीन. "आई, घरी गेल्यावर आजीला सांगू, चिमणीसुद्धा चुकते," ती म्हणाली. "अळणी म्हणाली, आणि होतं खारट." मी म्हटलं, सांगू. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन. त्यातलं एक तिला सगळं खाववेना.

त्या सकाळी तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. छातीत पाणी खळखळावं तसा श्वास. डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिला, मेणात राहावा तसा.

"काय खायला दिलंत?"

"वाटीतलं," मी म्हणाले.

दुपारी चिसानं मला जवळ बोलावलं. आजीची गोष्ट हवी होती. आजीची, माझी नाही. मी दिवसाउजेडी सांगायला लागले. एक होती आई, एक होती लेक. हूं. आई गेली लाकडं आणायला. हूं. प्रत्येक हूं आधीच्यापेक्षा लांबून यायचा, जणू ती चालत चालत ऐकत होती. घरात ऊब होती, पण धूर नव्हता. हूं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं. वाफाळती वाटी.

तेवढ्यात वळचणीची चिमणी काय म्हणाली?

मी थांबले. मग पुन्हा विचारलं, काय म्हणाली गं चिमणी?

ओढायला राख नव्हती. मी नुसतीच बसून राहिले.

डॉक्टर नंतर म्हणाले, मूत्रपिंडं आधीच गेली होती, फार तर महिना निघाला असता. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरं होतं, मी विचारलं नाही. नर्सबाईनं खाट आवरताना उशी उचलली. खाली उमेच्या सात बिया होत्या. सहा स्वच्छ चोखलेल्या, सातवीवर थोडा गर उरलेला, सगळ्या रांगेत मांडलेल्या. आपण इकडेच असल्याचा पुरावा चिसानं जपून ठेवला होता. नर्सबाईनं बियांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कागदाच्या पुडीत बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी आणलं तिला. उत्तरेला डोकं करून निजवलं. सासूबाईंनी वेगळ्या छोट्या भांड्यात भात शिजवला, तिच्याच वाटीत उंच रचला आणि वर तिच्या जेवायच्या काड्या उभ्या रोवल्या. उशाची वाटी. मेलेल्या माणसाची पहिली आणि शेवटची. शेजारी सार नाही, लोणचं नाही.

मी त्या वाटीकडे बघत राहिले. इतक्या उशाशी इतक्या वेळा बघितलेली वाटी, पण तिला खार नसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी उठले, बरणीतलं शेवटचं उमे आणलं आणि भातावर ठेवलं.

सासूबाईंनी ते लगेच उचललं. "वेडी झालीस? मीठ मेलेल्यांना चालत नाही. मिठाच्या आसपाससुद्धा येत नाहीत ते. दारात टाकतो ते कशासाठी?"

"मिठाशिवाय ती खाणार नाही, आई."

त्यांनी मूठ मिटली.

"मीठ घातलं तर तिला शिवता येणार नाही. नाही घातलं तर ती शिवणार नाही. मग तिनं खायचं काय? तुमच्या गोष्टीत काय सांगितलंय याला?"

सगळ्या गावाला गोष्टी पुरवणारी बाई ती. उमे मुठीत धरून त्या तशाच बसल्या, आणि त्यांच्या बोटांतून तांबडा रस मनगटावर उतरला. त्या हिवाळ्यानंतर त्यांनी गोष्ट सांगितली नाही. कुणी मागितलीच तर म्हणायच्या, उंदीर फार झालेत.

लोक म्हणाले, धीर धर, ती चांगल्या जागी गेली. त्या घरात ऊब आहे, तिथं कुणी मारत नाही, हे माझ्या मनात काही केल्या शिरेना. शिरलं ते एवढंच, की ती वाटी समोर घेऊन बसली आहे आणि ओठ मिटून आहे. गोष्टीतलं जे सुखाचं होतं, त्यावरचा विश्वास उडाला. जे भीतीचं होतं, तेवढंच खरं राहिलं.

केइझो दुसऱ्या दिवशी पोचला, भुयाराची माती नखांत तशीच. त्याला चिसा दिसली ती अशी सुजलेलीच. त्यानं फुगा आणला होता, तांबडा, न फुगवलेला.

"उद्या उरकू," तो म्हणाला. "घाट बंद झाला तर भटजी अडकेल."

"परवा करू या," मी म्हटलं. "एक दिवस थांबा."

"का?"

तीन दिवस उपाशी. चौथ्या दिवशी डोंगर दार उघडतो. एकदा उघडलं नव्हतं, माहीत होतं मला. हे मी त्याला कसं सांगणार? "असंच," मी म्हणाले.

"असंच म्हणून पोर घरात ठेवायची?" त्याचा आवाज फाटला. "मित्सुए, मला बघवत नाही गं."

तिसऱ्या दिवशी तिला नेलं. आईनं लेकराच्या चितेमागे जायचं नसतं. मी घरी राहिले. नदीकाठी धूर वर चढला, सरळ. या घराला धूर आहे, मी मनात म्हटलं, हे आपलंच घर आहे, राणी. पण ते तिला ऐकू जाणार नव्हतं.

दुपारी माणसं परतली. माघारी आलेल्यांच्या खांद्यावर दारातच मीठ टाकायचं असतं, म्हणजे मागून येणारं कुणी उंबरा ओलांडत नाही. ते काम घरच्या सुनेचं. बशीत मीठ घेऊन मी उभी राहिले. शेजारीपाजारी आपापल्या घरी वळले. केइझो दारापुढे बर्फात थांबला. छातीशी पांढऱ्या फडक्यात बांधलेला चिसाच्या अस्थींचा डबा.

"टाक."

मी मूठ भरली. त्याच्या मागे पायवाट होती, तिच्यावर त्याच्याच पावलांचे ठसे. बाकी सगळं पांढरं.

"मित्सुए, टाक ना. पाय गारठले."

"ती मागे असेल तर?"

त्यानं मागे वळून बघितलं नाही. वळायचं नसतं. हळूच डबा एका हाताशी घेतला, दुसऱ्या हातानं माझी मूठ उघडली. मीठ घामानं ओलं होऊन बोटांना चिकटलं होतं. ते त्यानं खरवडून काढलं, अर्धं आपल्या डाव्या खांद्यावर टाकलं, अर्धं उजव्या. थोडं उरलं, ते माझ्या खांद्यावर. मग तो आत आला आणि दार सरकवून घेतलं.

एक खडा माझ्या ओठाला लागला होता. मी जिभेचं टोक लावलं.

खारट होतं. मी अजून इकडेच होते.